दाढ एक, सल्ले तीन

बाबांची खालची उजवी दाढ गेल्या वर्षी तीन ठिकाणी दाखवली आणि तिन्हीकडे वेगळं उत्तर मिळालं. एका सरकारी ओपीडीत म्हणाले काढून टाका, थांबत असाल तर आत्ताच काढतो. ठाण्यात घोडबंदर रोडच्या एका चकाचक क्लिनिकमध्ये म्हणाले रूट कॅनल करू, म्हणजे आतली नस काढून मुळांच्या नळ्या साफ करून भरू, वर झिरकोनियाची, म्हणजे दातासारख्या पांढऱ्या मटेरियलची कॅप घालू, आणि समोर आलाच आहात तर मागच्या दोन रिकाम्या जागी इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर नवा दात, पण करून टाकू. नवी मुंबईतल्या एका डेंटल कॉलेजात एक विशी-बाविशीची मुलगी म्हणाली, काका आधी एक्स-रे काढून घ्या, मग मॅडम सांगतील दाढ राहते का ते. दाढ तीच, कीड तीच, बाबाही तेच, फक्त दर वेळी थोडे जास्त वैतागलेले.

मला आधी वाटलं यातलं कोणीतरी आपल्याला बनवतंय. पण नंतर नीट विचार केला, दोनचार ओळखीच्या डॉक्टरांशी बोलले, तेव्हा लक्षात आलं की कोणीच खोटं बोललं नव्हतं, ज्याच्याकडे जे होतं ते त्याने सांगितलं. आणि माझं आता ठाम मत झालंय की आपल्याकडे दात राहणार की जाणार हे बऱ्याचदा दातावर ठरत नाही, आपण कुठल्या दारातून आत गेलो त्यावर ठरतं. आपण मात्र 'सरकारीत नको बाबा, घाण असते' आणि 'प्रायव्हेटवाले लुटतात' या दोन वाक्यांपुढे जातच नाही. नातेवाईकांत विचारा, ऑफिसात विचारा, हीच दोन वाक्यं. म्हणून हे लिहायला घेतलंय.

सरकारीपासून सुरू करते कारण तिथलं लोकांना सगळ्यात कमी माहीत असतं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या हॉस्पिटलांत उपचार मोफत केलेत, केसपेपरचे पैसे पण नाहीत. ठाण्याचं सिव्हिल, म्हणजे जिल्हा सामान्य रुग्णालय, या विभागाखाली येतं. पण कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल ठाणे महापालिकेचं आणि वाशीचं सेक्टर १० मधलं नवी मुंबई महापालिकेचं, त्यामुळे तिथले नियम आणि दर त्या त्या पालिकेचे. सगळं 'सरकारी' एकच असं धरून चालू नका, खिडकीवर विचारा.

आता आत काय होतं ते. आम्ही ज्या ओपीडीत गेलो तिथे बाहेर बाकावर माणसं, बहुतेकांच्या गालावर हात किंवा रुमाल. दोन आज्या मिश्रीवाल्या, एक रिक्षावाला, एक बाई कडेवर पोर घेऊन, पोराचे पुढचे चारही दात काळे. आत दोन खुर्च्या. डॉक्टर पहिल्याला भुलीचं इंजेक्शन देते, बाहेर बस म्हणते, मग दुसऱ्याला देते, मग तिसऱ्याला, आणि तोपर्यंत पहिल्याचा ओठ जड झालेला असतो की त्याला परत आत घेते आणि दाढ बाहेर. परत दुसरा आत. असं चक्र. मी दारातून बघत होते, त्या डॉक्टरच्या हाताला एवढी सवय होती की आजीचं 'अगं आई गं' पूर्ण व्हायच्या आत दाढ ट्रेमध्ये पडलेली. खरं सांगू का, नुसती दाढ काढायची असेल, म्हणजे हलणारी, सडलेली, जिचं काही होण्यासारखं नाही अशी, तर मी तरी सरकारीतच जाईन. जो माणूस दिवसभर दाढाच काढतो त्याच्याइतका हात कोणाचा बसलेला असणार.

गडबड होते ती दाढ वाचवायची असते तेव्हा. रूट कॅनल म्हणजे एका मोलरला, म्हणजे मागच्या मोठ्या दाढेला, कमीत कमी तासभर, शिवाय दोन-तीन बैठका, कारण खालच्या पहिल्या दाढेत तीन नळ्या तर असतातच, कधी कधी चार. बाहेर चाळीस माणसं बसलेली असताना एका दाढेला तास कोण देणार? आणि समजा दिला, केली रूट कॅनल, तर पुढे कॅप लागते. नस काढलेली दाढ ठिसूळ असते, आधीच किडीने पोखरलेली, वर आपण चावणार शेंगदाण्याची चिक्की, एक दिवस उभी चिरते आणि मग ती काढण्याशिवाय इलाज राहत नाही. कॅपला माप घ्यायचं, लॅबला पाठवायचं, लॅबचे पैसे द्यायचे, आणि ही सोय बऱ्याच सरकारी ओपीडीत नसते. म्हणून तिथला डॉक्टर काढा म्हणतो तेव्हा त्याच्या जागेवरून तो बरोबरच असतो. फक्त तो जे बोलत नाही ते असं, की ही दाढ दुसरीकडे वाचू शकते. बोलायला वेळ नसतो, आणि समोरचा माणूस दुसरीकडे जाईल का हेही त्याला माहीत नसतं. आपण विचारलं तर मात्र सांगतात. मी विचारलं, 'डॉक्टर, पैसे आणि वेळ बाजूला ठेवला तर ही वाचते का?' तर मान वर न करता म्हणाली, 'वाचेल की, कॉलेजला घेऊन जा.' झालं. हे एक वाक्य मला फुकटात मिळालं आणि सगळ्यात कामाचं निघालं.

पण मध्ये आमच्या भावाने प्रायव्हेटचा आग्रह धरला, बाबांना रांगेत कशाला उभं करायचं वगैरे, म्हणून ते क्लिनिक. एसी, कॉफीचं मशीन, फ्री कन्सल्टेशन. तोंडात छोटा सेन्सर ठेवून एक्स-रे, तो लगेच समोरच्या टीव्हीवर, दाढ केवढी मोठी दिसते तिथे, छोटीशी कीड पण विहिरीसारखी. बाबा घाबरलेच. मग एक मॅडम आल्या, त्या डॉक्टर नव्हत्या, कोऑर्डिनेटर होत्या, त्यांनी रंगीत प्रिंट दिली. रूट कॅनल, कॅप, दोन इम्प्लांट, क्लीनिंग, आणि चार दातांना 'प्रिव्हेंटिव्ह फिलिंग'. खाली आकडा सहा आकडी, त्याच्या खाली नो कॉस्ट ईएमआय. बाबा एसटीतून रिटायर झालेत, त्यांनी प्रिंट घडी करून खिशात ठेवली आणि बाहेर येऊन म्हणाले, 'एवढ्यात नवीन इंजिन बसतं गाडीला.'

मी प्रायव्हेटच्या विरोधात आहे असं समजू नका, उलट माझी स्वतःची वरची दाढ मी प्रायव्हेटमध्येच केली, त्याचं पुढे सांगते. ठाण्यात भाडं किती आहे, खुर्चीला, कॉम्प्रेसरला, एक्स-रेला किती लागतात, रूट कॅनल करणारा एमडीएस, म्हणजे वरचं शिक्षण घेतलेला स्पेशालिस्ट, बऱ्याच छोट्या क्लिनिकमध्ये बाहेरून येतो त्याचे वेगळे द्यावे लागतात, लॅबचे वेगळे, हे सगळं दराच्या आत असतं. ते महाग असणारच. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. बाबांच्या त्या रिकाम्या जागा बारा-पंधरा वर्षांपासून रिकाम्या आहेत, त्यांना त्याचा काही त्रास नाही, शुगर वर-खाली होते, आणि इम्प्लांट करायचं तर आधी हाड किती आहे बघायला स्कॅन लागतो, शुगर ताब्यात लागते. हे काही न विचारता प्रिंटमध्ये इम्प्लांट आलं. तसंच कॅपचं. मागच्या दाढेला, जी हसताना दिसत पण नाही, साधी मेटलची कॅप चांगली चालते, स्वस्त असते, मजबूत असते आणि तिच्यासाठी दात कमी घासावा लागतो. पण मेटल असा पर्याय तिथे उच्चारलाच गेला नाही. सुरुवातच सिरॅमिकपासून आणि 'झिरकोनियाला पंधरा वर्षं वॉरंटी' इथपर्यंत. आम्हीच विचारलं तर, 'ते आता कोणी घालत नाही.' घालतात हो. बाबांच्या तोंडात आहे आत्ता.

आणि मेडिक्लेमच्या भरवशावर राहू नका. साध्या पॉलिसीत दातांचे ओपीडीतले उपचार सहसा नसतात, अपघातात दात तुटून ॲडमिट व्हावं लागलं तर गोष्ट वेगळी. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत कधी कधी असतं, एचआरला मेल टाकून बघा.

आता कॉलेजचं, ज्याच्यासाठी खरं तर हा सगळा खटाटोप. आपण ठाणे-नवी मुंबईवाले या बाबतीत नशीबवान आहोत आणि आपल्याला पत्ता नाही. ट्रान्स हार्बरने नेरुळला उतरा, तिथे डी. वाय. पाटील आणि तेरणा. खारघरला भारती विद्यापीठ आणि येरळा. कामोठ्याला एमजीएम. एवढ्याशा पट्ट्यात पाच डेंटल कॉलेजं. ही सगळी ट्रस्टची, म्हणजे म्हटलं तर प्रायव्हेटच, पण विद्यार्थ्यांना शिकायला पेशंट लागतात म्हणून दर कमी ठेवलेले. पूर्ण सरकारीच हवं असेल तर सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेसच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, आणि मुंबई सेंट्रलला मुंबई महापालिकेचं नायर डेंटल. ठाण्याहून फास्ट पकडली तर सीएसएमटी काही लांब नाही, पण पीक अवरला गाल सुजवून त्या गर्दीत शिरायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

कॉलेजात 'विद्यार्थी करणार' म्हटलं की लोक मागे सरतात. आमची आई पण म्हणाली, शिकाऊ पोरं प्रयोग करतात. म्हणून कोण काय करतं ते सांगते. बीडीएस, म्हणजे दातांच्या डॉक्टरची पहिली डिग्री, चार वर्षांचं, वर एक वर्ष इंटर्नशिप. त्यानंतर तीन वर्षं एमडीएस. साधं फिलिंग, क्लीनिंग, सोपी दाढ काढणं हे तिसऱ्या-चौथ्या वर्षाची मुलं आणि इंटर्न करतात. मोलरची रूट कॅनल शक्यतो एमडीएसवाला पीजी करतो, म्हणजे जो आधीच बीडीएस डॉक्टर आहे, बाहेर क्लिनिक टाकून बसू शकला असता असा. आणि प्रत्येक पायरीला स्टाफला, म्हणजे शिकवणाऱ्या डॉक्टरांना, बोलावून दाखवायचं, त्यांची सही झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. याचा फायदा पण आहे आणि त्रास पण. फायदा हा की दोन डोळ्यांऐवजी चार डोळे बघतात. त्रास हा की मॅडम राउंडला गेल्या असतील तर तुम्ही आ वासून वीस मिनिटं पडून.

पहिल्या दिवशी कामाचं काहीच होत नाही हे लक्षात ठेवून जा. केसपेपर, मग ओरल मेडिसिन नावाच्या विभागात एक मुलगी तुमची जन्मकुंडली लिहून घेते, बीपी-शुगर, तंबाखू-सुपारी, आधी कुठे काय केलं, मग एक्स-रे, मग त्या एक्स-रेसकट तुम्हाला ज्या विभागात पाठवायचं तिथे. बाबांचं सगळं तोंड बघून ती शेजारच्या मुलाला आकडे सांगत होती आणि तो भराभरा चार्ट भरत होता. 'फोर सिक्स डीप केरीज', म्हणजे खोल कीड, असं म्हणाली तेव्हा बाबांनी घाबरून विचारलं सेहेचाळीस दात किडलेत का. तोंडाचे चार भाग, प्रत्येकाला एक नंबर, खालचा उजवा म्हणजे चार, आणि मधून मोजत गेलं की सहावी ती दाढ, म्हणून फोर सिक्स. तिने शांतपणे समजावून सांगितलं, अजिबात न हसता. मी हसले.

मग पीजीने एक्स-रे बघून सांगितलं की दाढेच्या दोन भिंती शाबूत आहेत, मुळांच्या टोकाशी थोडा काळेपणा आहे पण हाड चांगलं आहे, होईल. काम सुरू करताना दाढेला एक क्लिप लावली आणि तोंडावर निळं रबर ताणून बसवलं, त्याच्या भोकातून फक्त ती एक दाढ बाहेर. याला रबर डॅम म्हणतात. आतली लाळ दाढेत जाऊ नये आणि बाहेरचं औषध किंवा बारीक सुई घशात जाऊ नये म्हणून. आत धुवायला जे वापरतात त्याला स्विमिंग पूलसारखा वास येतो, ते घशात न गेलेलंच बरं. मग त्या केसासारख्या बारीक सुया, त्यांना फायली म्हणतात, एकेक करून आत, एक छोटं मशीन पिप पिप करतं आणि फाईल मुळाच्या टोकापर्यंत पोचली की आवाज बदलतो, त्यावरून लांबी काढतात, परत एक्स-रे काढून खात्री करतात. रबरामुळे बाबांना दीड तास एक अक्षर बोलता आलं नाही. आईने घरी आल्यावर विचारलं असली सोय कायमची करून मिळते का.

रबर डॅम वापरतात का, हा प्रश्न मी आता कुठल्याही क्लिनिकमध्ये विचारते. हो म्हणाले की निम्मी काळजी जाते. दुसरा प्रश्न, रूट कॅनल करणारे कोण, बीडीएस की एमडीएस एंडो (म्हणजे रूट कॅनलचे स्पेशालिस्ट), आणि ते कुठल्या वारी येतात. तिसरा, कॅप धरून एकूण किती. बरेच जण फक्त रूट कॅनलचा आकडा सांगतात, कॅपचं नंतर निघतं. आणि एक्स-रेची कॉपी व्हॉट्सॲपवर मागून घ्या, आपले पैसे देऊन काढलेला असतो, कॉपी मागायला संकोच कसला. त्या कॉपीवर दुसरीकडे मत घेता येतं. द्यायला कां-कूं करणाऱ्याकडे मी परत जात नाही.

बाबांचं कॉलेजातलं सगळं मिळून, कॅपसकट, क्लिनिकने फक्त त्या एका दाढेचे जे सांगितले होते त्याच्या चौथ्या हिश्श्यात झालं. वेळ मात्र गेला, महिना-दीड महिना लागला, मध्ये त्या पीजीची परीक्षा आली, मग कॅपचं माप दुसऱ्या विभागात, तिथे वेगळी मुलगी, वेगळी रांग. पण त्या मुलीचा स्वतःहून फोन यायचा, 'काका, उद्या सकाळी येताय ना?' त्यांना पण केसेस पूर्ण करायच्या असतात ना, तुम्ही नाही गेलात तर त्यांचं अडतं. पेशंटला एवढी किंमत मी दुसरीकडे बघितली नाही.

मग मी का नाही गेले तिथे? कारण बाबा रिटायर आहेत आणि मी नाही. माझं ऑफिस महापेला, कॉलेजची ओपीडी ऑफिसच्याच वेळेत, प्रत्येक बैठकीला हाफ डे टाकायचा तर बॉसचं तोंड बघायला लागणार. त्यामुळे नौपाड्यातल्या एका छोट्या क्लिनिकमध्ये रात्री साडेआठची अपॉइंटमेंट घेतली, एंडोवाले शनिवारी यायचे. सहा हजार रूट कॅनल, कॅपचे वेगळे. टोचलं, पण माझ्यासाठी तोच हिशोब बसत होता. डॉक्टरांनी स्वतः सांगितलं की मेटल-सिरॅमिक पुरेशी आहे, झिरकोनियाची गरज नाही. असे पण प्रायव्हेटवाले असतात, आणि बोर्ड छोटा असलेल्यांत जास्त असतात असं माझं आपलं निरीक्षण.

वेळेचं हे गणित सगळ्यात वाईट बसतं आमच्या स्वयंपाकाच्या मावशींना. सरकारीत फुकट आहे म्हणून सांगणं सोपं आहे, पण त्यांची एक सकाळ गेली की चार घरांचा स्वयंपाक बुडतो, आणि सगळीच घरं समजून घेत नाहीत. म्हणून त्या गोळ्या खाऊन दिवस काढायच्या, मेडिकलवाल्याकडून, दर वेळी तीच पट्टी. गोळीने ठणका थांबतो, कीड थांबत नाही. आणि एक दिवस दुखायचं आपोआप थांबतं तेव्हा तर माणूस खूशच होतो, पण ती बऱ्याचदा आतली नस मेलेली असते, पू मुळाशी साठत राहतो. मावशींचं हेच झालं, गाल सुजला तेव्हा गेल्या, दाढ काढावी लागली. नंतर बोलता बोलता कळलं त्यांचा नवरा रबाळे एमआयडीसीत कंपनीत आहे आणि दर महिन्याला पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापला जातो. पगार २१,००० पर्यंत असेल तर हे लागू होतं आणि त्यात बायको-मुलांचे उपचार पण येतात. ईएसआयचं हॉस्पिटल वाशीला आहे, ठाण्यात वागळेला आहे. कार्ड घरात लोखंडी कपाटात, कोणी सांगितलंच नाही की दातांसाठी पण तिथे विचारता येतं. आता मुलीला घेऊन जाणारेत.

बाकी काही गोष्टींत निवड वगैरे करत बसू नका. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याखाली चाललीय, ताप आहे, तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, श्वास लागतोय, तर क्लिनिकची अपॉइंटमेंट बघू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीला. आणि तोंडात पांढरा चट्टा, लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, किंवा तोंड पूर्वीसारखं आ करता येत नाही, तिखट लागलं की आग होते, हे असेल तर कॉलेजच्या ओरल मेडिसिनमध्ये दाखवा. गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी आहे आणि तरी कुठे मिळतो ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. हे तपासायला छोट्या क्लिनिकपेक्षा कॉलेज बरं, तिथे या विषयाचीच माणसं बसलेली असतात आणि गरज पडली तर तुकडा तपासायची पण सोय असते.

कॉलेजला किंवा सिव्हिलला जाणार असाल तर सकाळी लवकर जा, आधार कार्ड, जुने एक्स-रे आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या न्या, नावं आठवत नाहीत मग. उपाशी जाऊ नका, इंजेक्शनने चक्कर येते आणि लोकांना वाटतं डॉक्टरने काहीतरी केलं. बीपीची गोळी नेहमीसारखी घेऊन जा. आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर खुर्चीत बसायच्या आधी सांगा, पण आपल्या मनाने आदल्या दिवशी बंद करून जाऊ नका, ती थांबवायची की नाही हे तुमचे हार्टवाले डॉक्टर आणि दातवाले डॉक्टर बोलून ठरवतील.